दिल्लीत उच्चायुक्तालयासमोर मच्छीमारांसाठी धरणं धरायचंय, पण पोलीस गेटपर्यंत जाऊ देत नाहीत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. तुमचा भाऊ पालघर जिल्ह्यातून गुजरातमधल्या ओखा बंदराच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलानं बोट धरली आणि आता तो कराचीत मलीरच्या तुरुंगात आहे. तालुक्यातल्या अशा घरांमधल्या बायका-माणसांना घेऊन तुमचे आमदार दिल्लीला जाणार आहेत, पाकिस्तानी उच्चायुक्तालयासमोर शांततेत धरणं धरायला. पोलीस सांगतात, जंतरमंतरवर बसा. गेटपर्यंत जाता येणार नसेल तर एवढा खर्च करून जाण्यात अर्थ आहे का, आणि या सगळ्यानं भावालाच उलटा त्रास होणार नाही ना, असं तुम्ही विचारलंय.

मी तीसेक वर्षं दिल्लीत महाराष्ट्रातल्या खासदारांच्या कार्यालयांत काम केलं. गावाकडून आलेली शिष्टमंडळं मंत्रालयांत नेणं, मोर्चांची परवानगी काढणं, निवेदनावर पोच घेणं आणि संध्याकाळी ताब्यात घेतलेल्यांना पोलीस ठाण्यातून सोडवून आणणं, हेच काम. त्या अनुभवावरून सांगतो: गेट किती फुटांवर राहिलं, यावर तुमचं यश ठरणार नाही. तुमचं म्हणणं नेमकं कुणी ऐकायला हवं आणि त्यानं नेमकं काय करायला हवं, हे तुमच्या आमदारांनी ठरवलंय का, यावर ते ठरेल. तुमच्या प्रश्नात मला ते दिसलं नाही, म्हणून उत्तर थोडं लांबवतो.

पोलिसांचा आडमुठेपणा वाटतो त्यामागचं कारण आधी बघू. १९६१ चा राजनैतिक संबंधांवरचा व्हिएन्ना करार आहे, आणि १९७२ च्या कायद्यानं तो आपल्याकडे लागू झालाय. त्याच्या बाविसाव्या कलमानुसार परदेशी वकिलातीच्या आवारात प्रमुखाच्या परवानगीशिवाय आपल्या पोलिसांनाही पाऊल टाकता येत नाही. शिवाय त्या जागेत घुसखोरी होऊ नये, मोडतोड होऊ नये, तिथली शांतता बिघडू नये आणि प्रतिष्ठेला बाधा येऊ नये, ही खास जबाबदारी यजमान सरकारवर आहे. म्हणजे तुम्ही कितीही शांत असलात तरी तुमच्यामागून आलेल्या एखाद्यानं दगड मारला तर उत्तर भारत सरकारला द्यावं लागतं. चाणक्यपुरीत, म्हणजे दिल्लीतल्या वकिलातींच्या भागात, जमावबंदीचा आदेश काढताना पोलिसांच्या डोक्यात हेच असतं. पूर्वी ज्याला आपण १४४ म्हणायचो ते आता नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ वं कलम झालंय, एवढाच फरक.

म्हणून तुमचा हक्क नाहीसा होत नाही. घटनेच्या एकोणिसाव्या कलमात शांततेनं, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. यातली एक गोष्ट फार थोड्या लोकांच्या लक्षात येते. बोलण्याच्या स्वातंत्र्यावर ज्या कारणांनी बंधनं घालता येतात त्यांत ‘परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध’ हे कारण आहे. एकत्र जमण्यावरच्या बंधनांच्या कारणांत ते नाही. तिथे देशाचं सार्वभौमत्व, अखंडता आणि सार्वजनिक सुव्यवस्था एवढंच आहे. तेव्हा ‘परदेशाशी संबंध बिघडतील’ एवढ्यावर कुणी तुम्हाला जमण्यापासून अडवत असेल तर नम्रपणे लेखी आदेश मागा. पण ‘सुव्यवस्था’ म्हणून जागा बदलून दिली तर ते बंधन बहुतेक वेळा टिकतं. जंतरमंतरवर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये आंदोलनांना मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तिथली सरसकट बंदी उठवली. शाहीन बागच्या प्रकरणात २०२० मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं की आंदोलनं ठरलेल्या जागी व्हावीत, रस्ते बेमुदत अडवता येणार नाहीत. त्यामुळे जंतरमंतर ही हार समजू नका.

आता तुमची दुसरी भीती, भावाला त्रास होण्याची. ती खरी आहे आणि तिच्याकडे मी गांभीर्यानं बघतो. तुमच्या भावाला तुरुंगात भेटायला कोण जाऊ शकतं? इस्लामाबादमधल्या आपल्या उच्चायुक्तालयातले अधिकारी. शांतिपथावर, म्हणजे पाकिस्तानी उच्चायुक्तालय ज्या रस्त्यावर आहे तिथे, जे घडतं त्याचे पडसाद त्यांच्यावर उमटतात. मार्च २०२३ मध्ये लंडनमध्ये आपल्या उच्चायुक्तालयाचा तिरंगा निदर्शकांनी खाली ओढला आणि दोन-तीन दिवसांत दिल्लीत ब्रिटिश उच्चायुक्तालयाबाहेरचे बॅरिकेड हलवले गेले. या दोन गोष्टी कुणी कागदावर जोडल्या नाहीत, पण लोकांना जे समजायचं ते समजलं. पाकिस्तानच्या बाबतीत तर हात आधीच तोकडे आहेत. २०१९ पासून दोन्हीकडे पूर्ण दर्जाचे उच्चायुक्त नाहीत, प्रभारींवर कारभार चालतो. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही कार्यालयांतली माणसं ५५ वरून ३० वर आणायचं ठरलं आणि अटारीची चौकी बंद झाली. भावाला भेटायला जाऊ शकणारी जी मोजकी माणसं उरली आहेत, त्यांचं काम तुमच्या आंदोलनानं अवघड होता कामा नये. पुतळा जाळणं, झेंडा तुडवणं, ‘मुर्दाबाद’ हे सगळं म्हणूनच बाद. मग एरवी तुमच्या मनात काहीही असो.

एकदा मी स्वतः हे होताना पाहिलंय. एका देशाच्या वकिलातीजवळ आम्ही चाळीस-पन्नास माणसं होतो, निवेदन घ्यायला आतला अधिकारी तयार झाला होता, दोन प्रतिनिधींची नावंही पोलिसांनी लिहून घेतली होती. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका उत्साही कार्यकर्त्यानं पिशवीतून कापडी पुतळा काढला आणि रॉकेल ओतलं. दहा मिनिटांत सगळे बसमध्ये. निवेदनाचा लिफाफा माझ्या हातातच राहिला आणि दुसऱ्या दिवशी छापून आला तो फक्त जळणारा पुतळा. ज्या कुटुंबासाठी गेलो होतो त्यांचं नावही कुठं आलं नाही. तेव्हापासून मी निघायच्या आदल्या रात्री पुढाऱ्याला सांगतो: पिशव्या तपासा, आपल्याच माणसांच्या.

पुढाऱ्यानं शांततेत केलेलं आणि तरीही लोकांच्या लक्षात राहिलेलं आंदोलन कसं असतं, याचं मला सगळ्यांत भावलेलं उदाहरण दिल्लीतलंच आहे. सप्टेंबर १९६५. पाकिस्तानशी युद्ध चालू होतं आणि चीननं भारताला निर्वाणीचा खलिता पाठवला. त्यात सिक्कीमच्या सीमेवरच्या बांधकामांबरोबर असाही आरोप होता की भारतीय सैनिकांनी ८०० मेंढ्या आणि ५९ याक पळवले. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जनसंघाचे तेव्हाचे राज्यसभा सदस्य अटलबिहारी वाजपेयी मेंढ्यांचा मोठा कळप घेऊन चिनी वकिलातीवर गेले. मेंढ्यांच्या गळ्यात पाट्या होत्या, त्यांचा आशय असा: आम्हाला खा, पण जगाला वाचवा. चीननं चिडून निषेधाचा खलिता धाडला. शास्त्रीजींच्या सरकारनं उत्तर दिलं की दिल्लीच्या काही नागरिकांनी सुमारे ८०० मेंढ्यांची मिरवणूक काढली, सरकारचा तिच्याशी काही संबंध नाही, आणि चीनचा निर्वाणीचा खलिता व त्यातल्या क्षुल्लक, रचलेल्या तक्रारींबद्दलची लोकांची नाराजी तिच्यातून शांततेनं, खेळीमेळीनं व्यक्त झाली.

या प्रसंगाकडे मी कामाच्या नजरेनं बघतो. मेंढी हा चीनच्याच खलित्यातला शब्द होता. वाजपेयींनी नवा आरोप केला नाही, समोरच्याचाच कागद उचलून त्याच्या दारात उभा केला. त्यामुळे मागणी समजावून सांगायला भाषण लागलं नाही. कुणाला इजा नाही, मोडतोड नाही, त्यामुळे पोलिसांना करण्यासारखं फारसं काही नव्हतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, आपल्या सरकारला ‘हे आमचं नाही, पण लोकांची भावना हीच आहे’ असं सरळ म्हणता आलं. विरोधी पक्षाच्या नेत्यानं काढलेल्या मिरवणुकीची बाजू सरकारनं अधिकृत उत्तरात मांडावी, हे रोज घडत नाही. तुमच्या आमदारांचा पक्ष सत्तेत असो वा नसो, त्यांनी आंदोलन असं आखावं की दुसऱ्या दिवशी परराष्ट्र मंत्रालयाच्या अधिकाऱ्याला त्याची लाज वाटणार नाही, उलट फाइल पुढं सरकवायला आधार मिळेल.

तुमच्याकडे ‘मेंढी’ काय आहे? माझ्या मते २००८ चा करार. भारत आणि पाकिस्तान यांच्यात २१ मे २००८ रोजी कैद्यांच्या वाणिज्यदूत भेटीचा, म्हणजे कैद्याला त्याच्या देशाच्या वकिलातीतल्या अधिकाऱ्यानं भेटण्याचा, करार झाला. त्यानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश आपापल्या तुरुंगांतल्या एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. मे २०२५ मधल्या युद्धजन्य परिस्थितीनंतर अवघ्या दोन महिन्यांत, १ जुलै २०२५ लाही त्या दिल्या गेल्या. पाकिस्तानच्या यादीत भारतीय किंवा भारतीय असावेत असे ५३ नागरी कैदी आणि १९३ मच्छीमार होते. त्याच करारात लिहिलंय की अटकेनंतर तीन महिन्यांत वाणिज्यदूताला भेटू द्यायचं, आणि शिक्षा पूर्ण झाली व नागरिकत्वाची खात्री पटली की महिन्याभरात सोडून परत पाठवायचं. ‘आमच्या माणसांना सोडा’ ही हाक झाली, मागणी नव्हे. ‘या माणसाची शिक्षा अमुक तारखेला संपली, नागरिकत्व अमुक तारखेला निश्चित झालं, तुम्ही सही केलेल्या करारातला महिना उलटून इतके दिवस झाले’ ही मागणी. त्यांच्याच सहीचा कागद त्यांच्याच दारात.

आणि इथेच एक कडू गोष्ट सांगतो. कधी कधी तो कागद पाकिस्तानात अडकलेला नसतोच, आपल्याकडे अडकलेला असतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावरच्या सात बायकांना घेऊन मी परराष्ट्र मंत्रालयात गेलो होतो. जानेवारीचा पहिला आठवडा, दिल्लीची थंडी, आणि त्यांच्या अंगावर फक्त सुती साड्या आणि एकेक टॉवेल. एका वहिनींनी नवऱ्याचं रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पोटाशी धरून आणलं होतं. अधिकाऱ्यानं शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, बोटीचा नोंदणी क्रमांक? कुणालाच माहीत नव्हता. शेठ, म्हणजे बोटीचा मालक, गुजरातचा, तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, गुजरातचा, ही माणसं हंगामापुरती गेलेली. मग त्यांनी फाइल उघडली. यांतल्या तिघांच्या नागरिकत्वाच्या पडताळणीसाठी नावं महाराष्ट्रात पाठवून पाच महिने झाले होते आणि उत्तर आलं नव्हतं. गावी परतल्यावर शोध घेतला तर एका पोलीस ठाण्यात तो कागद पडून होता, कारण पाकिस्तानातून आलेल्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं आणि गावाचं नाव ओळखू येत नव्हतं. बापाचं नाव आडनावाच्या जागी आणि पाड्याचं नाव बापाच्या जागी लिहिलं होतं. त्या ठाण्याच्या दारात आम्ही एक सकाळ बसलो आणि काम झालं. दिल्लीच्या गेटसमोर महिनाभर बसूनही ते झालं नसतं.

म्हणून आमदारांची खरी ताकद मी दोन ठिकाणी वापरेन. पहिलं, जिल्ह्यात. प्रत्येक खलाशाचं नाव, वडिलांचं नाव, पाडा, आधार किंवा मतदार ओळखपत्र, बोटीचं नाव व क्रमांक, ती कुठल्या बंदरातून सुटली, धरल्याची तारीख आणि पाकिस्तानकडून आलेल्या नावाचं स्पेलिंग, एवढं सगळं एका तक्त्यात. पडताळणी कुठं आहे हे पोलीस अधीक्षकांना विचारण्याचं काम आमदार एका फोनवर करू शकतात, तुम्हाला सहा महिने लागतील. दुसरं, दिल्लीत. आमदार संसदेत प्रश्न विचारू शकत नाहीत, खासदार शकतात. तेव्हा तुमच्या खासदारांना सोबत घ्या, मग ते दुसऱ्या पक्षाचे असले तरी. हे जमलं नाही तर आमदारांना आंदोलनाचा फोटो मिळेल, तुम्हाला भाऊ मिळायला उशीर होईल. ही गोष्ट आमदारांसमोर स्पष्ट मांडायची तयारी ठेवा.

वकिलातीचं दार आणि आपलं सरकार यांचा मेळ कसा घालायचा, याचं बाहेरचं एक उदाहरण आठवतं. २१ नोव्हेंबर १९८४ ला वॉशिंग्टनमध्ये चौघं जण तेव्हाच्या वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या राजदूताला रीतसर वेळ घेऊन भेटायला गेले. त्यांत वॉल्टर फाँट्रॉय हे अमेरिकी काँग्रेसमधले वॉशिंग्टनचे प्रतिनिधी होते, सोबत रँडल रॉबिन्सन, मेरी फ्रान्सिस बेरी आणि एलिनॉर होम्स नॉर्टन. बैठक चालू असताना नॉर्टन बाहेर येऊन पत्रकारांशी बोलल्या. उरलेल्या तिघांनी, मंडेलांसारखे राजबंदी सुटेपर्यंत उठणार नाही असं सांगितलं आणि त्यांना अटक झाली. त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ त्या वकिलातीबाहेर रोज निदर्शनं झाली. खासदार, कलावंत, खेळाडू, पाद्री शिस्तीत येत, अटक करून घेत आणि जात. हजारो अटका झाल्या. पण त्यांचं लक्ष राजदूतावर नव्हतं, अमेरिकेच्या काँग्रेसवर होतं. १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध घालणारा कायदा राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून मंजूर झाला, तेव्हा त्या रोजच्या रांगेचं काम झालं.

त्यातलं आत बसून राहणं तुम्ही अजिबात उचलू नका. आपल्याकडे, आणि तेही पाकिस्तानच्या कार्यालयात, आवारात एक पाऊल टाकणंसुद्धा तुमच्या माणसांच्या मुळावर येईल. उचलायचं ते एवढंच की पत्ता वकिलातीचा असला तरी मागणी आपल्या सरकारपर्यंत न्यायची. अंतराचा प्रश्न तिथेही होता. वकिलातीपासून ५०० फुटांच्या आत त्या देशाची नाचक्की करणारे फलक धरायला वॉशिंग्टनमध्ये बंदी होती. १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली, पण वकिलातीच्या सुरक्षेला किंवा शांततेला धोका असेल तर जमाव पांगवण्याचा पोलिसांचा अधिकार ठेवला.

आता प्रत्यक्ष दिवसाचं. मुख्य धरणं जंतरमंतरवर ठेवा, परवानगीचा अर्ज दिल्ली पोलिसांच्या नवी दिल्ली जिल्ह्याच्या उपायुक्तांकडे लवकर द्या, आणि त्याच अर्जात लिहा की तीन जणांना, म्हणजे दोन कुटुंबीय आणि लोकप्रतिनिधी, पोलिसांच्या सोबतीनं शांतिपथावर निवेदन द्यायला नेण्यात यावं. अशी विनंती मान्य होईलच असं नाही, ते त्या आठवड्यातल्या वातावरणावर आहे. सीमेवर काही घडलेलं असेल तर नाहीच होणार. पण मोठा जमाव गेटवर नेण्याच्या मागणीपेक्षा ती मान्य होण्याची शक्यता कितीतरी जास्त, असा माझा अनुभव आहे. निवेदन स्वीकारण्याची सक्ती उच्चायुक्तालयावर नाही. नाकारलं तर वाद घालू नका, स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. त्याची प्रत त्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयात नेऊन आवक शिक्का घ्या. तुमच्यासाठी तो शिक्का गेटसमोरच्या फोटोपेक्षा मोलाचा आहे. निवेदन एका पानाचं, इंग्रजीत, सोबत तो तक्ता.

पक्षाचे झेंडे नकोत. पुढं बायका आणि आयाबहिणी बसतील, आमदार त्यांच्यात बसतील आणि पाच मिनिटं बोलतील. प्रत्येकीच्या हातात शाळेची पाटी द्या आणि तिच्यावर खडूनं फक्त आकडा, तिचा माणूस किती दिवस आत आहे तो. दुसऱ्या दिवशी बसलात तर आकडा पुसून एकानं वाढवायचा. हे मी एका धरण्यात केलंय, आणि एरवी पाठ फिरवून चहा पिणारा बंदोबस्तातला हवालदारही रांगेत फिरून एकेक पाटी वाचून गेला.

ताब्यात घेतलंच तर घाबरू नका. सहसा बसमधून ठाण्यात नेतात, नावं लिहून घेतात, संध्याकाळी सोडतात. त्या क्षणी पुढाऱ्याची कसोटी असते. आमदार स्वतः आधी बसमध्ये चढून बसले की मागची माणसं शांत राहतात. त्यांनी पोलिसाचा हात झटकला तर सगळं विस्कटतं. ओळखपत्र, औषधं आणि एका वकिलाचा नंबर प्रत्येकाकडे असू द्या. नंबर कागदावर लिहिलेला हवा, फोन काढून घेतले जाऊ शकतात.

वेळेबद्दल. १ जुलैची यादी आणि त्यानंतर साधारण जुलैच्या उत्तरार्धात सुरू होणारं पावसाळी अधिवेशन, हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. खासदार दिल्लीत असतात, यादी ताजी असते आणि मासेमारी बंद असल्यानं समुद्रावर जाणारे नातेवाईकही घरी असतात. अडचण एकच, तुमच्याकडच्या आदिवासी पाड्यांवर तेव्हा लावणी चालू असते आणि बायकांना आठवडाभर निघणं परवडत नाही. तेव्हा कोणत्या घरांना लावणीच्या मजुरीची भरपाई द्यावी लागेल, हे आमदारांनी आधीच बघावं. १ जानेवारीनंतर जाणार असाल तर मात्र स्वेटर आणि घोंगड्या गावातूनच घेऊन निघा.

यादीत भावाचं नाव आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाला खासदारांच्या पत्रावर विचारून घ्या, दिल्लीचं तिकीट काढायच्या आधी. नाव असेल तर पाकिस्ताननं लिहिलेलं स्पेलिंग जसंच्या तसं उतरवून आणा आणि ते घेऊन सगळ्यांत आधी तुमच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जा.